तापट

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि आमचं कार्यालय एका भाड्याच्या घरात थाटलं होतं. मी तेविशीतली, नवीकोरी परिवीक्षा अधिकारी. गुन्ह्यात सापडलेल्या मुलामुलींची चौकशी करून न्यायालयाला अहवाल द्यायचा, हे माझं काम. अहवालात ‘गुन्ह्यामागील कारण’ असा एक रकाना असे. प्रशिक्षणात शिकवलेलं मला पाठ होतं: मंद बुद्धी, चंचल मन, तापट स्वभाव, आवेगावर ताबा नसणं. गुन्ह्याचं कारण पोरांच्या आतच असतं, आपण ते फक्त शोधून काढायचं, असं मला खरंच वाटायचं.

उदगीरकडच्या एका खेड्यातली सोळा वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. दुष्काळाचं साल होतं, गावात टँकर यायचा. तिनं टँकरच्या ड्रायव्हरच्या डोक्यात पितळी घागर घातली होती. त्याला टाके पडले होते.

रिमांड होममध्ये ती माझ्यासमोर बसली ती हाताची घडी घालून.

“का मारलंस?”

“मारलं.”

“वाईट वाटतं का?”

“न्हाई.”

मी लिहून घेतलं: पश्चात्ताप नाही.

मग जीपनं तिच्या गावी गेले. सरपंचांनी ओसरीवर सतरंजी टाकली, पाय धुवायला बादलीभर पाणी दिलं. उन्हानं जीव नकोसा झाला होता. पायांवर तांब्यामागून तांब्या ओतून घेतला, दोन वेळा चहा घेतला. सरपंच म्हणाले, “पोरगी लहानपणापासूनच तापट हाय, बाई. बापाचं छत्र न्हाई, कुणाचं ऐकत न्हाई.” तिचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. जीपचा ड्रायव्हर घाई करत होता. मी गेले नाही. शेजाऱ्यांकडे चौकशी केली, असं मात्र अहवालात लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘मूळचा तापट स्वभाव’. साहेबांनी अहवाल नेटका आहे म्हणून शाबासकी दिली. न्यायालयानं मुलीला अठरा पुरी होईपर्यंत नांदेडच्या मुलींच्या सुधारसंस्थेत पाठवलं.

महिन्याभरानं एक बाई कार्यालयात आली. पायांत चपला नव्हत्या. नांदेडला कसं जायचं, हे विचारायला आली होती. ती त्या मुलीची आई. मी तिला बसवलं, एसटीचं सांगितलं. ती उठेना.

“तीन दिस रांगेत पैला नंबर व्हता तिचा,” ती म्हणाली. “टँकर आला की पाईप आदी सरपंचाच्या हौदात. उरलं तर आमाला. तिसऱ्या दिशी काहीच उरलं न्हाई. ती ड्रायव्हरला बोलली, तर त्यानं तिची घागर लाथाडली. तीच उचलून तिनं घातली.”

माझ्या पायांवरून ओघळलेलं पाणी कुठलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

“कुनी बाई आलती म्हनं सरपंचाकडं. तिनंच लिवलं, पोरगी तापट हाय म्हनून. तुमी वळखता का तिला?”

“नाही,” मी म्हणाले.

“घावली तर सांगा तिला. माज्या लेकीनं उगं न्हाई मारलं.”

“सांगते.”

ती गेल्यावर मी साहेबांकडे गेले, सगळं सांगितलं आणि नवा अहवाल पाठवू का, असं विचारलं. ते म्हणाले, “आता काय लिहिणार? आधीचा अहवाल घरी न जाता केला म्हणून?” माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी विषय सोडून दिला. त्याच आठवड्यात भावाचं पत्र आलं. कॉलेजच्या आंदोलनात त्यानं एसटीची काच फोडली होती. वडील पोलीस ठाण्यात गेले आणि तासाभरात त्याला घरी घेऊन आले. पत्राखाली वडिलांनी लिहिलं होतं, ‘वय आहे, चालायचंच.’ आमच्या घरी कुणी कारण शोधायला आलं नाही.

पुढं एकदा नांदेडला काम निघालं, तेव्हा मी संस्थेत जाऊन तिला भेटले. ती अंगानं भरली होती. मी म्हणाले, “तुझी आई भेटली होती. तू उगाच मारलं नाहीस म्हणाली. तापट म्हणून लिहिलं, त्याचं तिला फार लागलंय.”

ती पहिल्यांदाच हसली. “हायच की मी तापट. पर तापट हाय म्हनून न्हाई मारलं त्याला.”

मी पदर सारखा केला.

“तुमी तवा माज्या रागाचंच इचारलं,” ती म्हणाली. “पान्याचं इचारलंच न्हाई.”

माफी मागायची म्हणून मी गेले होते. पण बाहेर व्हरांड्यात अधीक्षिका उभ्या होत्या, त्यांना ऐकू जाईल असं वाटलं. मी तिला जेवण बरं असतं का, एवढं विचारलं. ती “हाव” म्हणाली आणि आत गेली. ती सुटली तेव्हा मला कुणी कळवलं नाही. मीही विचारलं नाही.