बोक्याच्या बाजूचा माणूस

चौबे कॉलोनीत आमच्या शेजारी रेल्वेतून रिटायर झालेले एक गृहस्थ राहतात. मोबाइलवर ते फक्त सत्तेचाळीस सालची बोका-उंदराची कार्टूनं पाहतात, आणि कधीही हसत नाहीत. बोका आपटला की नुसतं "च्च्" करतात. मी फाटकाशी दिसलो की सुरू होतात, "त्या साली देश स्वतंत्र झाला भाऊ, पण बोक्याले न्याय नाही भेटला. काहून?"



मागच्या रविवारी त्यांच्या पिंजऱ्यात उंदीर सापडला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मला साक्षीला बोलावलं, मोहल्ल्यातल्या दांडग्या बोक्याला बशीभर दूध पाजलं आणि त्याच्यासमोर पिंजरा उघडला.

"घे राजा," ते हळूच म्हणाले, "आज तुहाच दिवस हाये."

उंदीर बाहेर आला. बोका दचकून थेट भिंतीवर चढला. उंदीर मात्र सावकाश फाटकाखालून निघाला आणि आमच्या घरात शिरला. चप्पल उगारून मी त्याच्यामागे धावलो, तो दुधाच्या बशीवर पाय पडून सपशेल आपटलो.

वरून आवाज आला, "च्च्!"

मग त्यांनी मला उठायला हात दिला. "पाहून राहिले न भाऊ? सत्तेचाळीसपासून हेच चालू हाये."