गोधडीचं पोट

माझ्या दिवाणाखाली दोन बोचकी आहेत. एकात चिंध्या, दुसऱ्यातही चिंध्याच! सून म्हणते, "आई, तुम्ही काहीच कसं फेकत नाही?" आता फेकायचं कसं? तुकडा हातात घेतला की तो कुणाच्या अंगावरचा ते आठवतं, आणि हात मागं येतो. किश्श्यांचंही तसंच आहे. ठरवून कुणी जमवत नाही. एक कोपऱ्यात पडून राहतो, त्याला दुसरा येऊन चिकटतो आणि एक दिवस बघावं तर बोचक्याला गाठ बसत नाही! नात म्हणाली, "आजी, तू बोल, मी टाइप करते." मला लिहिता येत नाही, पण विसरताही येत नाही. म्हणून हे नर्मदेचे किस्से.

*

मी कौसाबाई. माहेर, सासर दोन्ही मराठवाड्यातलं, मुक्काम नेरूळ, लेकाचा फ्लॅट. फ्लॅटात गोधडी अंथरायची म्हणलं तर सोफा बाल्कनीत न्यावा लागतो. म्हणून दुपारी गाड्या ऑफिसला गेल्या की मी खाली पार्किंगमध्ये बसते. सात नंबरची जागा. तिथं वारा चांगला येतो.

नर्मदा सारसोळ्याची कोळीण, माझ्याच वयाची. आमच्या गेटवर मासळी विकायची. एक दिवस पाटी रिकामी झाली तरी घरी गेली नाही, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, "बाई, काय हवंय?"

"मना शिकव."

"काय शिकवू?"

"यो." तिनं सुईकडं बोट केलं.

"कुणासाठी?"

"बालासाठी."

"कुणाच्या बाळासाठी?"

तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. जाता जाता म्हणाली, "उद्या येतंय."

पुढचं मला आठ दिवसांनी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. नर्मदेला एकच लेक, वनिता. चार वर्षांपूर्वी पोरीनं बेलापूरला जाऊन रजिस्टर लग्न केलं. मुलगा नावडे गावचा, बौद्ध, म्हणजे आमच्यातला. नर्मदेनं गल्लीत उभं राहून सांगितलं, "मना लेक नाय." पोरीनं वर्षभर फोन केले. हिनं एकही उचलला नाही. मग फोन यायचे थांबले. आणि आता बाजारात कुणीतरी बातमी दिली, वनिताला सातवा महिना लागलाय.

पहिल्या बाळाचं अंथरूण-पांघरूण आईच्या घरून जातं. लेक नाही म्हणणाऱ्या बाईला गोधडी मात्र पाठवायची होती! आणि लेकीनं ती दारातूनच परत पाठवली तर? ही धास्ती पोटात घेऊन ती रोज माझ्यासमोर बसायची.

*

सुई धरायला शिकवायची गरज पडली नाही. जन्मभर जाळी विणलेले हात! मी म्हणलं, "आधी वरच्या कपड्याचे तुकडे जोडायचे. साधा धावदोरा आहे. सुई खाली, सुई वर. एवढंच." तिनं मान हलवली आणि अशी लागली कामाला की मी दोन दिवस तिच्याकडं बघितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी गोधडीचं टोक उचललं. अख्खी गोधडी उभी राहिली!

हिनं प्रत्येक टाक्याला गाठ मारली होती. जाळ्याला मारतात तशी, दुहेरी, ओढून. आमचा वॉचमन आला, वाकून बघितलं, म्हणाला, "माताजी, दरवाजा बना रहे हो क्या?"

मी म्हणलं, "नर्मदे, ह्यात मासे धरायचेत का बाळ झोपवायचंय?"

"गाठ नाय मारली त सुटंल ना गो!"

"सुटत नाही. शेजारचा टाका धरून ठेवतो."

तिला काही ते पटलं नाही. दोघी बसून दोन दिवस गाठी कापत होतो. गाठ कापली की ती माझ्याकडं असं बघायची, जणू मी तिची होडीच सोडून दिलीय!

*

आमच्या सेक्रेटरीसाहेबांना कुणीतरी तक्रार केली. साहेब स्वतः खाली आले. "आजी, तुमचं ठीक आहे, तुम्ही मेंबरच्या आई. पण बाहेरच्या बाईला पार्किंगमध्ये बसता येणार नाही. रूल आहे."

नर्मदेनं सुई केसांत खोचली. शांतपणे विचारलं, "भावा, तुजी गाडी कंची?"

"ती. पांढरी."

"तिथं माजा बापूस जाली सुकवाचा. तवा इथं बिल्डिंग नव्हती, रस्ता नव्हता, तू पन नव्हतास. आमी कदी बोललो तुला, गाडी कशाला लावलीस म्हनून?"

साहेब थोडा वेळ गाडीकडं बघत राहिले. मग वर गेले.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर कागद लागला. मी घाबरून सोनूला, म्हणजे नातीला, वाचायला लावलं. "पार्किंग क्रमांक सात, दुपारी बारा ते चार, ज्येष्ठ महिला उपक्रमासाठी राखीव!"

*

चष्म्याचा किस्सा सांगितलाच पाहिजे. एका संध्याकाळी आम्ही घाईत उठलो. सकाळी मला लेकाचं तोंड धूसर दिसायला लागलं. देवा, डोळे गेले! मी रडले, सून रडली, लेकानं हाफ डे टाकला. चष्मेवाल्यानं चष्मा हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला, म्हणाला, "आजी, डोळे ठीक आहेत. पण हा चष्मा कुणाचा?"

दुपारी नर्मदा आली, माझा चष्मा लावून.

मी म्हणलं, "बये, तुला काही टेन्शन नाही आलं? दिवसभर दुसऱ्याच्या चष्म्यात फिरतेस!"

"टेन्शन कसला? मासली त हाताला कलते." मग माझ्या गोधडीवर वाकली आणि म्हणाली, "पन एक हाय कौसाबाय. आज पैल्यांदा दिसला, तुजं टाके वाकडं हायत!"

*

वरचा कपडा झाला, खालचा झाला, आता मधल्या थरांना मऊ सुती हवं होतं. बाळाच्या गोधडीला नवं कापड चालत नाही. टोचतं. वापरून वापरून जीव आलेलं हवं. नर्मदा बाजारातून कडक नवीन कापड घेऊन आली. मी परत पाठवलं. दुसरं आणलं, तेही परत. तिसऱ्या दिवशी पदराखालून एक घडी काढली. शाळेचा फ्रॉक होता. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा, इस्त्री केलेला! काखेत उसवलेलं शिवलेलं होतं. तेही जाळ्याच्या गाठींनी.

मी म्हणलं, "तू तर म्हणतेस तुला लेक नाही."

"लेक नाय गो. फराक हाय."

मी फ्रॉक उलगडून मधोमध अंथरला.

"आत घाल," ती म्हणाली. "वरून दिसाया नको."

*

एका दुपारी एकदम विचारते, "तुमी बुद्धाचे ना?"

महिनाभर माझ्या हातचा चहा पीत होती. आमच्या घरातली बुद्धाची मूर्ती तिनं चहाला वर आली त्या पहिल्याच दिवशी बघितली होती. मी म्हणलं, "हो. का?"

"तुमच्यात जेवतात कसं?"

"तोंडानं."

ती अशी हसली, अशी हसली की सुई बोटात गेली. बोट तोंडात धरूनच म्हणाली, "मी येडी हाय ना गो?"

"थोडी."

मग बोटाला चिंधी गुंडाळत, "तो सुकी मासली खात असंल काय? का वासानं पलंल?"

"नर्मदे, आमच्या गावाला खाडी नाही, समुद्र नाही. पण बोंबलाची चटणी असली की मी एक भाकर जास्त खायची. जावई पळत नाही तुझा."

'जावई' म्हणलं तरी ती रागावली नाही. मी मुद्दाम बघत होते.

*

गोधडी कडेनं सुरू करायची आणि फेऱ्या घालत मधे यायचं. शेवटी मधोमध वीतभर जागा उरते. तिला आमच्या गावाकडं गोधडीचं पोट म्हणतात. ते बंद करायच्या आधी आत भाकरीचा तुकडा ठेवायचा. गोधडीला उपाशी ठेवायचं नाही, म्हणजे तिच्याखाली झोपणारं माणूसही उपाशी राहत नाही. मी माझ्या सगळ्या गोधड्यांना ठेवलाय. चांगला वाळलेला, नखाएवढा.

नर्मदा म्हणाली, "नुसती भाकर?"

"नुसती."

"कोरी?"

"अगं, रीत आहे ती. जेवण नाही!"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझ्या अख्ख्या गावाची लाज वाटली. मग गोधडी गुंडाळली. "पोट मी घरी बंद करीन."

खरं सांगते, मला वाईट वाटलं. दोन महिने मी शिकवलं आणि शेवटचा टाका माझ्यासमोर नाही? दुसऱ्या दिवशी घेऊन आली. पोट बंद होतं, टाके बारीक, सरळ, माझ्यापेक्षा चांगले. आणि त्या एवढ्याच जागेला चारी बाजूंनी गाठी! मी गाठींकडं बोट केलं. ती म्हणाली, "एवढा राहूं दे."

तेवढ्यात सोसायटीची पांढरी मांजर आली, गोधडीच्या बरोबर मधोमध बसली आणि हाकलली तरी उठेना. मी म्हणलं, कोळणीचे हात लागलेत, त्याचा वास असेल.

*

मुलगी झाली. बातमी परत बाजारातूनच आली. नर्मदेनं गोधडी माझ्या हातात दिली. "तू जा. माजं नाव काढशील त तुजी सुई मोडीन!"

मी आणि सोनू बेलापूरहून मेट्रोनं नावड्याला निघालो. डब्यात माणसं उभी होती, पण आमच्या शेजारची सीट रिकामीच. मला वाटलं, म्हातारीला मान देतायत. सोनू म्हणाली, "आजी, कसलातरी वास येतोय." मी म्हणलं, "केमिकलच्या कंपन्या जवळ आल्या असतील."

वनितानंच दार उघडलं. आईचंच नाक, आईचीच मान. मी म्हणलं, "सोसायटीच्या बायकांनी शिवलीय, बाळासाठी." तिनं पिशवी घेतली. जावयानं खुर्ची दिली, मांडीवरचं बाळ दाखवलं.

"कुठल्या तुम्ही, मावशी?"

"नेरूळच्या."

तिचा हात पिशवीवर थांबला. "म्हणजे सारसोळ्याजवळच."

"जवळच."

पुढं काही विचारलं नाही. नर्मदेचीच पोरगी! पिशवी न उघडता खुंटीला अडकवली आणि चहा टाकायला गेली.

परत आले तर नर्मदा सात नंबरला उन्हात बसलेली.

"घेतली?"

"घेतली."

"उघडली?"

"माझ्यासमोर नाही."

"मंग काय केला?"

"चहा दिला."

"साखर?"

"दोन कपांची एकात."

"माजीच सवय." मग पदर सावरत, "बाल कुनासारका हाय?"

"नाक तुझं आहे."

"अरे देवा!"

*

त्यानंतर चार दिवस गेले. काहीच नाही. गोधडी परत आली नाही आणि निरोपही आला नाही. नर्मदा रोज यायची, पण टाका घालायची नाही. चिंध्यांच्या घड्या करायची, मोडायची, परत करायची. मोबाइल पाटीत ठेवलेला, उघड्यावर. आधी कमरेला पिशवीत असायचा.

पाचव्या दिवशी फोन वाजला. आम्हा दोघींनाही अक्षर येत नाही, म्हणून तिच्या फोनमध्ये नावांच्या जागी फोटो आहेत. मी बघितलं. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या फ्रॉकातली एक पोरगी, दोन वेण्या घातलेली. चार वर्षं लेक नव्हती, पण फोटो काढून टाकलेला नव्हता!

नर्मदा फोनकडं बघत राहिली. हात काही पुढं होईना. फोन वाजतोय, वाजतोय. वॉचमनसुद्धा खुर्चीतून उठला. शेवटी मीच हिरवं बटण दाबलं आणि स्पीकर लावला.

आधी बाळाचं रडणं आलं. मग आवाज आला.

"आये, गोधडीत बोंबील घातलंस काय गो? तीन मांजरं दारात बसल्यान माज्या!"

नर्मदेनं पदर तोंडाला लावला. डोळे पुसले, नाक पुसलं, घसा खाकरला. आणि चार वर्षांनी लेकीशी पहिलं वाक्य बोलली,

"मंग? नुसती भाकर कोन खातं?"