मोगलाईतलं अर्धं रान

अप्पांना शिवेपलीकडच्या गावी नेऊन आणायचं म्हणजे माझा अख्खा दिवस गेलाच. सावेडीहून निघायचं, तिसगावला थांबायचं, कारण वडिलांना चहा तिथलाच लागतो. पुढे बीड जिल्ह्यात शिरलं की काच खाली करून त्यांनी म्हणायचं, "आली बग मोगलाई." निजाम जाऊन जमाना झाला, आमच्या घरातली मोगलाई काही संपत नाही.

रझाकारांच्या धामधुमीत आजोबा बायकोपोरांना घेऊन इकडे नगरच्या हद्दीत आले. त्यांचे थोरले भाऊ तिथंच राहिले आणि सगळी जमीन कसू लागले. ते रझाकारांना सामील होते, त्यांनीच आम्हाला हुसकावलं, हे अप्पांनी आम्हाला भाकरीबरोबर भरवलं. तुम्ही आपखुशीनं सोडून गेलात, असं तिकडच्यांचं म्हणणं. एवढ्यावरच अर्ध्या जमिनीचा दावा अडलाय. तारखांना मीच जाते. भाऊ पुण्यात, त्याला फोनवरून सल्ले द्यायला बरं जमतं. खरं सांगते, वीट आलाय मला.

यंदा थोरल्या आजोबांच्या मुलानं, म्हणजे माझ्या चुलतकाकांनी, निरोप धाडला की कोर्ट पुरे झालं, शेतात या, मिटवू. गेलो. काका बांधावर एकटेच उभे होते. अप्पांहून थोडे लहान, पण तसेच वाकलेले, नाकही तेच. मला उगाच भरून आलं.

त्यांनी नांगरटीतलं एक ढेकूळ उचलून अप्पांपुढे धरलं. बांधाची भांडणं पूर्वी आमच्याकडे अशीच मिटायची. काळ्या आईला डोक्यावर घेऊन खोटं बोलायची कोणाची छाती व्हायची नाही.

"दादा, हे डोक्यावर घे आन् सांग, माजा बाप रझाकारांचा मानूस हुता," काका म्हणाले. "आर्धं रान तुजं. सही आजच करतो."

सुटलो बाई एकदाचे, असं वाटलं मला. जन्मभर जे बोलत आले तेच तर बोलायचं होतं. अप्पांनी टोपी काढून ढेकूळ डोक्यावर घेतलं. ऊन मी म्हणत होतं, माती कपाळावरून घसरत होती. बोला ना, म्हणून मी दोनदा सांगून पाहिलं.

त्यांनी ढेकूळ हळूच खाली ठेवलं. "मी सात वर्साचा हुतो. गाडीत झोपल्यालो. बा सांगायचा तेच सांगत आलो. मला न्हाई म्हाईत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या खेपा घातल्या, आणि हे आत्ता सांगतायत! आता काका जिंकल्यासारखे हसणार, असं वाटलं. पण ते मटकन बांधावर बसले.

"माजा तर जल्मबी त्या धामधुमीच्या नंतरचा," ते म्हणाले. "गाव माज्या बापाला आजून रझाकारच म्हनतं. त्याला इचारलं तर रडायचा, बोलायचा न्हाई. तुला तरी म्हाईत आसंल, म्हनून बलिवलं, दादा."