टिकलीची घंटा

बुधरीबाई आमच्या गावची सुईण. पोंभुर्ण्याच्या अलीकडे, जंगलाला खेटून आमचं गाव, आणि त्यातल्या निम्म्याअधिक पोरांची नाळ तिनं कापलेली. त्यामुळे तिला तोंडावर नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. माझे सासरे मुखरूजी, म्हणजे आमचे मामाजी, दुनियेशी भांडायचे, पण ती दारात आली की आवाज खाली यायचा.

मी चौपन्न साली लग्न होऊन आले तेव्हा तिच्या अंगणात एक चितळ बकऱ्यांबरोबर चरत होती. तिची आई आमच्या मामाजींच्याच बंदुकीनं मेली होती. धान राखायला सरकारी परवान्याची बंदूक होती त्यांच्याकडे, आणि धान राखता राखता हंडीत मटणही पडायचं. पिल्लू मात्र बुधरीबाईनं उचलून नेलं, बकरीच्या दुधावर वाढवलं आणि नाव ठेवलं टिकली. मोठी झाल्यावर टिकली दिवसा रानातल्या चितळांच्या कळपात जायची, दिवे लागायच्या वेळी घरी यायची. तिच्या गळ्यात लाकडी घंटा होती. घंटा बांधलेलं जनावर म्हणजे कुणाच्या तरी घरचं, त्याच्यावर हात उचलायचा नाही, हा आमच्या गावाचा कायदा. शिकारीला तापलेले गडीसुद्धा तो मोडत नसत.

पण जीपमधून आलेल्या पाहुण्यांना आमचा कायदा कोण सांगणार? चांद्याकडून काही हौशी शिकारी आले, झुडपात घंटा वाजली आणि त्यांनी आवाजाच्या रोखानं बार टाकला. टिकली अर्धा कान गमावून घरी आली. बुधरीबाईनं जखमेला हळद लावली, इळ्यानं घंटेची दोरी कापली आणि तडक आमच्या अंगणात आली.

"मुखरूभाऊ, टिकलीची घंटा काढली मी. आता चितळावर बंदूक उचलू नको."

"कोण्याच चितळावर नाई? आन् तुही टिकली मी वळखू कशी?"

"वळखू येत नाई, म्हणूनच म्हणतो. अर्धा कान तुले वावराच्या धुऱ्यावरून दिसन का?"

"आन् माह्या धानाचं काय?"

"धान मी राखीन. सगळ्यायचं."

मामाजी पुष्कळ धुसफुसले, पण शेवटी कबूल झाले. तेव्हापासून धान निसवून लोंब्या आल्या की बुधरीबाई संध्याकाळी आमच्या धानाच्या बांधीतल्या मचाणावर चढायची आणि पत्र्याचा पिपा बडवत बसायची. टिकली हळूहळू कळपातच राहू लागली, घरी यायची थांबली. दोन-तीन वर्षांत नाल्याकाठचा कळप नुसता फुगला. पूर्वी चितळ पाहायला आत जंगलात जावं लागे, आता शेण टाकायला गेलं तरी दिसायचे. म्हातारी एकटी किती पिपा बडवणार? धान जायचंच. घरोघरी कुरबुर सुरू झाली.

सत्तावन्नच्या दिवाळीनंतर मामाजींनी बंदूक खुंटीवरून काढून तेल दिलं.

"टिकली कोणाले दिसली का यंदा? मेली असंल तर मी कायले माहं धान चारू?"

खरं सांगते, मलाही ते पटलं. मी तेव्हा पोटुशी होते, आणि चितळ खात होते ते धान माझ्या लेकराच्या तोंडचं होतं.

दुसऱ्या दिवशी काटक्या आणायला नाल्यावर गेले, तर बुधरीबाई पाठमोरी बसलेली. समोर रानकुत्र्यांनी फाडलेली चितळ. पोट रिकामं होतं, डोकं मात्र शाबूत, आणि एक कान अर्धा. ती एकेक दगड उचलून तिच्यावर ठेवत होती. मला पाहून थांबली. रडली नव्हती, निदान माझ्यासमोर तरी नाही.

"वच्छला, घरी सांगशील?"

 मग मीही वाकले. जड दगड तिनं मला उचलू दिले नाहीत, लहान तेवढे मी ठेवले.

घरी आले तर मामाजी अंगणात बंदूक मांडीवर घेऊन बसलेले.

"नाल्यावर गेल्ती ना वो? दिसली का टिकली?"

"दिसली, मामाजी. कळपात चरत होती. अर्धा कान मी जवळून पाह्यला."

सासरी आल्यापासून त्यांच्याशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटले आणि बंदूक परत खुंटीला लावली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि धानासाठी जीव हळहळलाही.

संध्याकाळी बांधीकडून पिप्याचा आवाज आला. जिच्यासाठी राखायचं ती दगडांखाली होती, तरी बुधरीबाई मचाणावर जाऊन बसली होती. मी एका टोपलीत भात-भाजी घेतली आणि पोट सांभाळत तिकडे गेले. वर चढायला ती मला शिव्या देत नको म्हणाली आणि तीच खाली उतरली.

ती जेवत होती तोवर पिपा मी बडवला.