डाव्या पायाचा जोर

पाटसच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर एक सायकलवाले मामा मला एकदाच भेटले. साठीचे, डोक्यावर हेल्मेट. अपघातानंतर डावा पाय बारीक झालेला. सायकलीला त्यांनी पायाचा जोर मोजणारं स्वस्तातलं यंत्र बसवलं होतं. ते फक्त डाव्या पायाचा जोर मोजतं आणि दुप्पट करून दाखवतं.

मी शहाणपणा केलाच. "मामा, अशानं तुमचा आकडा कायम कमीच येणार. थोडे पैसे साठवून दोन्ही पायांचं मोजणारं घ्यायचं होतं."

त्यांनी त्या बारीक मांडीवर हलकेच थाप मारली.

"उजवा वढतोच की. त्याच्या आडून ह्यो बसून खातो. ह्यानं आज किती जोर लावला, तेवढंच बघायचंय मला."

समोर चढ होता. सायकलीवर बसून त्यांनी पहिलं पायडल मारलं, ते डाव्यानंच.