परक्या गुडघ्याचा नवस

गेल्या वर्षी आमच्या घरी जो गणपती आला, तो आईच्या मनासारखा आला की भावाच्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कुणी विचारलं नाही म्हणून बरं. विचारलं असतं तर मी नेहमीसारखी पदराशी चाळा करत उभी राहिले असते.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. मूर्तीच्या अंगाचा रंग मशीनने मारून झाला की सोवळं, शेला आणि त्यांच्या किनारी हे माझं काम. डोळे आमच्याकडे फक्त शेठचे वडील आखतात, त्यांना सगळे आजोबा म्हणतात. माझी शाळा चौथीत सुटली. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी अडखळते, म्हणून ब्रशाचं काम मला बरं वाटतं. त्यात तोंड उघडावं लागत नाही.

माहेर रोह्याला. बाबा गेल्यापासून तिथे आई, माझा धाकटा भाऊ आणि भावजय. घरचा गणपती दरवर्षी मीच रंगवते. लाल सोवळं, हिरवा शेला, त्यात कधी बदल झाला नाही.

भावाला फुटबॉलचं वेड आहे. स्पेन देशातला एक मोठा क्लब त्याचा आहे. त्याचा म्हणजे तो तसं म्हणतो, "आपण जिंकलो", "आपले चार गोल". नाव त्याने मला पुष्कळदा सांगितलं, पण लिहायला गेले तर चुकेल. या गणपतीच्या आदल्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी आरती चालू होती आणि हा दारात फोन घेऊन उभा. त्या क्लबात खेळाडू घेण्याचा आणि विकण्याचा तो शेवटचा दिवस होता म्हणे. आईने पाहुण्यांसमोर आरतीचं ताट त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "जा, तुझ्या त्या गोऱ्यांनाच ओवाळ."

दिवाळी झाल्यावर त्याने आणि भावजयीने त्याच्या कंपनीजवळ रूम घेतली. घरून शिफ्टला लांब पडतं, असं कारण सांगितलं. भांडण झालं असं कुणीच म्हणत नव्हतं, पण आईने त्याच्या रूमचा उंबरा पाहिला नव्हता आणि तो घरी आला तर ओट्यावरूनच परत जात होता.

पावसाळा लागल्यावर एका रविवारी मी त्याच्या रूमवर गेले. सकाळची वेळ, टीव्हीवर सामना चालू होता. क्लब अमेरिकेत खेळायला गेला होता, तिकडे तेव्हा रात्र होती. मी विचारलं, "हे जिंकले तर काय मिळतं?"

"काय नाय मिळत."

"आणि हरले तर?"

"काय नाय होत. तयारीचा सामना हाय गो. सीझन सुरू व्हायचाय अजून."

मी बघत राहिले. अर्धा सामना झाला आणि मैदानातले जवळजवळ सगळेच बदलले. मघाचे चेहरे लक्षात ठेवायला मी मेहनत घेतली होती, ती फुकट गेली. त्याआधी हे लोक कुठल्या डोंगरातल्या गावी जाऊन नुसते धावत होते म्हणे, आणि डॉक्टर त्यांचं रक्त बघत होते. इतकी माणसं, इतकं विमानाने फिरणं, आणि निकाल कुठे धरायचा नाही. मला काही उलगडा होईना, पण भाऊ मात्र पुढे सरकून बसला होता.

शेवटी एक उंच खेळाडू आत आला. गुडघ्याला पट्टा. भाऊ उभा राहिला आणि त्याने टीव्हीला हात जोडले. भावजय आतून हसली, "झालं. देव आले."

"गप गं," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "ताई, हा गोल करत नाय, गोल होऊ देत नाय. म्हणून कोण याचं नाव घेत नाय. याचा गुडघा गेला होता. डॉक्टर बोलले होते, परत खेळेल का सांगता येत नाय. मी बाप्पाला नवस बोललो. हा बरा होऊन मैदानात उतरला तर बाप्पाला नव्या सीझनची जर्सी घालीन, मागं याचा नंबर टाकून."

"आपल्या बाप्पाला?"

"मग काय तिकडच्या?"

"आईला बोललास?"

"तू बोल."

"मी?"

"तू रंगवणार, तूच बोल. आई नाय म्हणाली तर मी इथं रूमवर वेगळा गणपती आणतो. तिनं तिचा बसवावा, मी माझा बसवतो."

आमच्यात एका घराचा एकच गणपती असतो. दुसरा बसला की गावाने समजायचं, घर फुटलं. मग पुन्हा तो एक होत नाही. माझ्या दोन्ही काकांचं तसंच झालं होतं, आता त्यांच्या मुलांना एकमेकांची आरतीची वेळही माहीत नाही.

तिथून मी आईकडे गेले. आई दारात वाल निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, पण मध्येमध्ये अडखळत, त्यामुळे ते आणखीच विचित्र वाटलं.

"कोणाचा गुडघा?" आई म्हणाली.

"एक खेळाडू हाय. स्पेनचा."

"त्याला आई नाय का नवस बोलायला?"

मला माहीत नव्हतं. तेवढं विचारायचं राहून गेलं होतं.

आई वाल निवडत राहिली. मग म्हणाली, "माझा गुडघा तीन पावसाळे ठणकतोय. बसले तर उठवत नाय, उठले तर बसवत नाय. त्याचा नवस कोण बोललं?" आणि थोड्या वेळाने, "सांग त्याला. जर्सी घातलेला गणपती या उंबऱ्यातून आत येणार नाय."

मी भावाला फोनवर सांगितलं, "आई बघू म्हणाली." आईला सांगितलं, "तो पण बघू म्हणाला." मला वाटलं, गणपतीपर्यंत दिवस आहेत, काहीतरी होईल.

कारखान्यात शेठना विचारलं तर ते डोकं खाजवत म्हणाले, "मंडळाची मूर्ती असती तर नाय बोललो असतो. लोक हल्ली कशावरून पण भांडतात. घरचा नवस हाय, तुझं तू बघ." म्हणून मी शाडूची एक बसकी मूर्ती घेतली आणि कामाच्या वेळेनंतर ती रंगवू लागले. खाली पांढरं धोतर, वर जर्सी. आईचं नाही ऐकूनसुद्धा मी रंगवायला घेतलं. नवस मोडायची भीती वाटली की दुसऱ्या गणपतीची, कुणास ठाऊक.

भावाने फोनवर फोटो पाठवला. आंब्यासारखा पिवळा रंग, काखेत काळी पट्टी. मी तसं रंगवलं. सुकल्यावर फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन.

"ताई, अगं ही सरावाची! सराव करताना घालतात ती!"

"तूच पाठवलीस ना?"

"मी दोन पाठवल्या. दुसरी बघितलीस नाय का?"

दुसरी मोरपंखी होती. तेव्हा मला कळलं की या क्लबाला घरच्या मैदानाची एक जर्सी असते, परगावी जायची दुसरी, शिवाय तिसरी एक, आणि सरावाची वेगळी. दरवर्षी सगळ्या नव्या. भावाला परगावची हवी होती. घरची दरवर्षी जवळपास सारखीच असते, परगावच्या जर्सीवरूनच वर्ष ओळखू येतं, असं त्याचं म्हणणं.

माझ्या शेजारी बसून मुकुट रंगवणाऱ्या मावशीने हे ऐकलं. ती म्हणाली, "बाप्पा बसणार घरात आणि कपडे परगावचे? तुझ्या भावाला इचार."

मी खरंच विचारलं. तो म्हणाला, "बाप्पा आपल्याकडं परगावाहूनच येतो ना?"

मावशीला हे सांगितल्यावर ती हातातला ब्रश खाली ठेवून विचार करत बसली. "बरोबर हाय की गो त्याचं," म्हणाली. मला तेही बरोबर वाटलं आणि आधीचंही.

पिवळ्यावर पांढऱ्याचा हात दिला आणि वरून मोरपंखी. पावसाळी हवेत रंग सुकेना, पंखा लावून ठेवावा लागला. पाठीवर नंबर काढला. गणपतीची पाठ भिंतीकडे असते, तो नंबर कुणाला दिसणार नव्हता, पण नवसात होता म्हणून नीट काढला. मग आजोबांनी डोळे आखले. त्यांनी जर्सीबद्दल चकार शब्द काढला नाही. डोळे आखल्यावर नेहमी करतात तसा नमस्कार केला आणि पुढच्या मूर्तीकडे वळले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारी भावाचा फोन आला. आवाज बसलेला.

"ताई, जर्सी पुसून टाक."

"काय झालं?"

"विकला त्याला. इंग्लंडला. तो पण हो बोलला. गुडघा आमच्याकडं बरा झाला, डॉक्टर आमचे, आणि बरा झाल्यावर चालला." तो 'आमचे' म्हणाला तेव्हा मला आमच्या नाक्यावरचे डॉक्टरच डोळ्यांसमोर आले. "लाल सोवळं काढ नेहमीसारखं. नायतर राहू दे. मला गणपतीच नको या वर्षी. ना घरी, ना रूमवर."

मी मूर्तीजवळ जाऊन उभी राहिले. रंगाचा आणखी एक हात दिला असता तर पोटावर टेकलेल्या बोटांच्या रेघा बुजल्या असत्या. पण नुसतं तेवढंच नव्हतं. मावशी म्हणाली, "डोळे आखून झाले आता. तो बघतोय, आणि तू त्याच्या अंगावरचे कपडे काढणार?"

मला हात लावायचा धीर होईना. नवस कोणाचा, बरा कोण झाला, गेला कोण आणि रागावलं कोण, याचा गुंता माझ्या डोक्यात काही सुटेना. शेवटी मी आईला फोन केला. या वेळी 'बघू' वगैरे काही जोडलं नाही. खेळाडू विकला गेला, भाऊ गणपतीच नको म्हणतोय आणि मूर्ती तर रंगवून झाली, सगळं सांगितलं.



"त्या माणसाचा गुडघा बरा झाला की नाय?" तिने विचारलं.

"झाला."

"मैदानात उतरला?"

"मी बघितला ना, उतरला."

"मग नवस फेडायला लागतो. बाप्पानं त्याचं काम केलं. माणूस पुढं कुठं गेला हे काय बाप्पाकडं बघायचं? जर्सीसकट आणायचा. आणि त्यालाच पाठव आणायला, बोललाय तो. नाय आला तर मी येते पेणला, अशा पायानं."

मी भावाला शब्द न शब्द सांगितलं. तो चिडला. "आधी बघू बोलत होती, आता आण बोलते? तिला काय कळतं त्यातलं?" मी म्हटलं, मलाही कळत नाही. पण हरतालिकेला टेम्पो घेऊन तो कारखान्यात आला. मूर्ती पहिल्यांदाच बघत होता. मागे जाऊन त्याने नंबर पाहिला, त्यावरून बोट फिरवणार होता, पण फिरवलं नाही. बाप्पाच्या तोंडावर रुमाल टाकून त्याने मूर्ती पाटावर घेतली. टेम्पो नागोठण्याच्या वाटेला लागला. रस्ता खराब, प्रत्येक खड्ड्याला तो मूर्ती छातीशी धरायचा.

दारात आई तांब्या घेऊन उभी होती. गणपती आणणाऱ्याच्या पायावर दूध-पाणी घालतात. ती वाकायला लागली आणि तिच्या गुडघ्यातून कळ निघाली.

"राहू दे, ताई घालील," भाऊ म्हणाला.

"मी घालणार. तू हलू नको, नायतर बाप्पाला पाडशील."

ती अर्धी वाकलेली असताना तो हळूच म्हणाला, "तुझ्या गुडघ्याला पण बोललो होतो."

"कधी?"

"त्याच्या आधी."

आईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "मग त्याचा बरा झाला, माझा का नाय झाला?"

तो खरं बोलत होता की आता सुचलं म्हणून बोलला, मला कळलं नाही. आईला कळलं असेल तर तिने दाखवलं नाही. तिने पाणी घातलं, कुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. "आत घे, हात भरून येतील," म्हणाली.

मखरात बसवल्यावर तिने रुमाल काढला आणि जर्सीकडे बघत राहिली.

"रंग बरा हाय," आई म्हणाली. "पण गळ्याशी हे काय? बटनं?"

"बटन एकच असतं," भाऊ म्हणाला. "या वर्षीचं तसंच हाय."

"आणि पुढच्या वर्षी?"

"बदलणार."

"दरवर्षी बदलतात?" आईने माझ्याकडे बघितलं, जसं काही मी बदलते. मी मान खाली घातली.

संध्याकाळी भावजय आली. तिने एक पिशवी आणली होती, फार मोठी नाही. आई चुलीशी बसून तिला म्हणाली, "रूमवर दुसरा गणपती नाय ना आणून ठेवलात?"

"नाय हो आई."

"मग कुलूप नीट लावलंत ना? पाच दिवस तिकडं कोण नसणार."

भावाने खिसा चाचपला. "लावलंय," म्हणाला. भावजयीने पिशवी आतल्या खोलीत नेऊन ठेवली. पाच दिवसांनंतरचं कुणी काही बोललं नाही. विचारावं असं माझ्या मनात दोनदा आलं, पण तेवढ्यात आईने मला नारळ खवायला बसवलं.