वावरातलं वाचनालय

मी थापा मारतो असं अख्खं पेडगाव म्हणतं. तेही खोटं आहे. अर्धंच पेडगाव म्हणतं, उरलेल्या अर्ध्याला माझ्या थापा खऱ्या वाटतात. पण त्यातली एकही मुळात माझी नव्हती. माझा थोरला भाऊ, अण्णा, आमच्या दुकानामागच्या खोलीत सार्वजनिक वाचनालय चालवायचा. पुस्तकं इतकी कोंबलेली की एक ओढलं तर भिंत पुढं सरकायची. पुस्तक परत आणणाऱ्याला त्याचा एकच दंडक: आधी गोष्ट सांग, मग दुसरं ने. सांगणारा अडखळला की अण्णा पुढचं सांगायचा. मी तराजूशी बसून ऐकायचो आणि संध्याकाळी पारावर तीच गोष्ट दोन वाघ नि एक पूर जास्तीचा घालून खपवायचो. स्वतः मी एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही. गरजच काय होती? अण्णा होता ना.

मग कुण्या शहाण्यानं मोबाइलवर एक अ‍ॅप काढलं. तुम्ही उभे आहात तिथून जवळचं वाचनालय कुठं, ते नकाशावर लाल ठिपक्यानं दाखवणारं. अण्णाच्या मनात ते लय भरलं. आपलाही ठिपका पाहिजे म्हणाला. नोंदीसाठी वाचनालयात उभं राहून ‘मी इथे आहे’ असं बटण दाबायचं होतं. पण आमच्या खोलीच्या भिंती दगडी, रेंज उंबऱ्यावरूनच माघारी फिरायची. रेंज मिळायची ती वावरातल्या विहिरीपाशी, आंब्याखाली. तिथं मात्र एवढी की काढून ठेवलेल्या चपलेलासुद्धा फोन लागावा. गावातल्या निम्म्या सोयरिकी त्या आंब्याखालून बोलल्या गेल्यात. तेव्हा अण्णाही तिथंच गेला, वाचनालयाचं नाव टाकलं, घराचा पत्ता टाकला आणि बटण दाबलं. ठिपका उमटला आंब्याखाली.

मी हसून हसून विहिरीत पडायचा राहिलो. म्हटलं, अण्णा, लोक कापूस पेरतात, तू वाचनालय पेरलंस. तो जरा खजील झाला. पत्ता तर घराचाच दिला, फोनला एवढं कळू नये का, असं पुटपुटला. मग म्हणाला, “ऱ्हाऊ दे गड्या. चुकून कुणी आलंच, तर हरभरा खाऊन जाईल.”

कुणी आलं नाही. गावाला ठिपक्याची गरज नव्हती आणि बाहेरच्याला पेडगावची.

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेला. यात मला काही वाढवून सांगता येत नाही. दुपारी दुकानात छातीत कळ आली, परभणीच्या रस्त्यातच संपलं. आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं. आमच्यात जाळत नाहीत. बसवून माती देतात, आपल्याच वावरात. पीक उभं होतं. मोकळी जागा काय ती आंब्याखालची. कपाळी विभूती, हातात लिंग, वर बेलाची पानं. अण्णा तिथं बसला. घरी येऊन मी वाचनालयाच्या खोलीला कुलूप घातलं.

ठिपक्याची आठवण मला पुढं कितीतरी दिवसांनी झाली. आंब्याखाली बसून अ‍ॅप उघडलं. त्यानं सांगितलं, तुम्ही ग्रंथालयात पोहोचला आहात. ग्रंथालय आत्ता सुरू आहे.

मग मी रोज जायला लागलो. वहिनीला सांगायचो, विहिरीवरची मोटार बघायला चाललोय. वहिनी म्हणायची, या बघून. मोटार तर बंदच पडलेली होती.

हरभऱ्याचे घाटे भरले तेव्हा पूर्णेहून एक मुलगी रेल्वेनं आली. कसल्याशा परीक्षेचा अभ्यास करणारी. फोन पुढं धरून बांधावरून सरळ माझ्यासमोर येऊन थांबली.

“काका, वाचनालय इथंच दाखवायलंय.”

तोंडात चार थापा तयार होत्या. एकीत तर इमारतच पुरात वाहून गेली होती. पण मी म्हटलं, “बरोबर दाखवायलंय, माय. बसलेत ते.”

तिनं माती पाहिली, वाळलेला बेल पाहिला आणि चपला काढल्या. मी हरभऱ्याचे डहाळे उपटून तिच्या पुढं ठेवले. अण्णा तसं म्हणाला होता. घाटे सोलता सोलता तिनं पुस्तकं कुठं आहेत विचारलं. मी भावाचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं. ती म्हणाली, नकाशावरची जागा दुरुस्त करता येते. नाहीतर अजून कुणी असंच भटकत येईल.

“ठिपका घरी नेऊ का?”

मी नाही म्हणालो. तिनं हट्ट धरला नाही. तुमचे भाऊ कोणती गोष्ट सांगायचे, एवढंच विचारलं. मी जोरात सुरुवात केली. वाघ आला, पूर आला, नावाडी मधल्या धारेत गेला आणि मी अडखळलो. पुढचं आठवेना. अण्णाकडं पाहिलं. तो गप्प.

पुस्तक खोलीत होतं. मी उठलो, म्हटलं, चल. कुलूप गंजून बसलेलं, दगडानं ठोकून काढलं. मुलीच्या नव्या फोनला उंबऱ्यावर रेंज मिळाली. तिनं ‘मी इथे आहे’ दाबलं तेव्हा मी अडवलं नाही, भिंतीकडं तोंड करून पुस्तकांवरची धूळ पुसत होतो.

खोली आता उघडी असते. ती मुलगी अधूनमधून येते, पुस्तक परत देण्याआधी गोष्ट सांगते. पुढचं सांगताना मी वाघ घातला की तिला कळतं.

संध्याकाळी विहिरीवर गेलो की अजूनही फोन उघडून बघतो. आधी म्हणायचा, पोहोचलात. आता निळी रेघ ओढून घराची वाट दाखवतो. आंब्याखाली नकाशावर काहीच नाही, नुसतं वावर.